इनडोअर मॅचला स्टॅबिलायझेशन आणि आय-डिटेक्ट दोन्ही बंद ठेवा. पटत नसेल तर बोला

कोपरीवाला
बंद हॉलमधलं बॅडमिंटन असो की मॅटवरची कबड्डी, स्टॅबिलायझेशन बंद, चेहरा-डोळा शोधणारा ऑटोफोकस पण बंद, हे माझं ठाम मत. ठाण्यातला खंडू रांगणेकर हॉल घ्या नाहीतर वाशीतला कुठलाही हॉल, पालक मंडळी महागडा कॅमेरा गळ्यात घालून येतात, सगळं ऑटोवर, आणि मग फोटोत नेट शार्प आणि पोरगी धुरकट. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचा खेळाडू पळतोय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. शटर १/१००० सेकंदाला असेल तर हाताची थरथर तशीही फारशी दिसत नाही, मग उगाच बॅटरी का जाळायची?

नेरूळकर८५
अर्धंच बरोबर. १/१००० चा मुद्दा मान्य, पण २०० एमएमला, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, व्ह्यूफाइंडरमध्ये बघितलंय का किती हलतं? फ्रेम नाचत असेल तर फोकस पॉइंट खेळाडूवर टिकवणार कसा? बंद कशाला करायचं, मोड बदला ना. निकॉनच्या बऱ्याच लेन्सना स्पोर्ट मोड आहे, पॅन करायला, म्हणजे खेळाडूमागे कॅमेरा फिरवायला, मोड २ असतो, कॅननच्या काही लेन्सना मोड ३ आहे, तो फक्त फोटो घेतानाच काम करतो त्यामुळे मागे-पुढे फिरवताना फ्रेम अडखळत नाही. साधा मोड १ लावून झटकन पॅन केलं की लेन्स उलटी ओढते, तुमची तक्रार बहुतेक तिचीच आहे.

कोपरीवाला
मोड ३ ने व्ह्यूफाइंडर स्थिर होत नाही साहेब, म्हणजे तुमचा पहिला मुद्दा तुमच्याच दुसऱ्या मुद्द्याने कापला. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, प्रश्न मिटला.

नेरूळकर८५
मोनोपॉड? तिसऱ्या रांगेत, पुढे काकू मोबाईल उंच धरून उभ्या असताना?

सानपाडा_ताई
स्टॅबिलायझेशनवर तुम्ही दोघं भांडत बसा, खरा घोळ फोकसचा आहे. मी बहुतेक कबड्डीच काढते, तिथे आय-डिटेक्टबद्दल कोपरीवाल्यांशी सहमत. चढाईपटू खाली वाकलेला, चेहरा मॅटकडे, समोर सात जण, त्यात कोपऱ्यातल्याचा चेहरा कॅमेऱ्याला स्वच्छ दिसतो की गेला फोकस तिकडे. मी फोकसचा छोटा झोन ठेवते, छातीवर धरते आणि बॅक बटण (कॅमेऱ्यामागचं फोकसचं बटण) दाबून ठेवते. पण बॅडमिंटन सिंगल्सला बाजूने काढताय आणि फ्रेममध्ये एकच माणूस आहे, तर डोळा शोधणारा मोड बंद करणं हा निव्वळ हट्ट झाला. बेसलाइनमागून नेटपलीकडचा खेळाडू काढायचा असेल तर वेगळं.
आणि जे कोणी सांगत नाही ते सांगते. फोकस किती चिकटून राहावा, मध्ये पंच आडवा गेला तर लगेच सोडावा की थांबावं, याची वेगळी सेटिंग असते. सोनीमध्ये १ म्हणजे चिकट आणि ५ म्हणजे चपळ, निकॉनमध्ये बरोब्बर उलटं, ५ म्हणजे उशिरा सोडणार, कॅननमध्ये वजा दोन ते अधिक दोन. मित्राने सांगितलेला आकडा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात डोळे मिटून टाकला की झालं कल्याण. कबड्डीला चिकट बाजूला ठेवा.

कोपरीवाला
ताई, सिंगल्सला पण मागच्या कोर्टवरचा चेहरा पकडतोच की. आपल्याकडे एका हॉलमध्ये एका वेळी चार कोर्टवर मॅच चालू असतात.

सानपाडा_ताई
मग झोन लावून त्याच्या आतच डोळा शोधायला सांगा. नवीन बॉडीत (कॅमेऱ्यात) दोन्ही एकत्र चालतं. मेनू उघडायचा कंटाळा हे कारण नाही होऊ शकत.

घणसोली_लाइट
लाइटचं कोणीच का बोलत नाहीये? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे जुन्या ट्यूब आणि मेटल हॅलाइड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१००० ला बर्स्ट (सलग फटाफट फोटो) मारलात की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळा, आणि लोक म्हणणार मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) गंडलं. अँटी-फ्लिकर चालू करा, ते लाइट उजळ असतानाच फोटो घेतं, कॅननने २०१४ मध्ये सेव्हन डी मार्क टू मध्ये दिलं होतं, आता बऱ्याच बॉडीत असतं. बर्स्टचा वेग थोडा पडतो, पडू दे. आणि सायलेंट शटर नको, आडवे पट्टे येतात, मेकॅनिकल लावा.

कळवा_कट्टा
१/१००० चा एवढा आग्रह कशाला पण? १/५०० ला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) निम्मा होतो. नाहीतरी स्मॅश कुठे गोठतोय, बॅडमिंटनपटू सात्विकसाईराजचा स्मॅशचा २०२३ चा गिनेस रेकॉर्ड ताशी ५६५ किमी, हिशोब करा, १/१००० सेकंदात शटल १५ सेंटीमीटरच्या वर सरकतं, शटलच्या स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त.

कोपरीवाला
तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा, पुढे शटल लगेच मंदावतं. आणि शटल कोणाला गोठवायचंय, मनगट गोठलं पाहिजे. जास्त आयएसओचा ग्रेन (दाणे) चालतो, ब्लर चालत नाही. पेपरवाला ग्रेनवरून फोटो परत पाठवत नाही.

कळवा_कट्टा
पेपरवाला नाही पाठवत, पण पोरीची आई पाठवते 😄

दिवा_जंक्शन
माझ्याकडे किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स) आहे, टोकाला एफ ५.६, म्हणजे उजेड कमी घेते. शनिवारी भाचीची मॅच आहे. मी काय करू ते सांगा, बाकी भांडण नंतर.

सानपाडा_ताई
एफ २.८ वाल्याला जिथे ६४०० आयएसओ लागतो तिथे तुम्हाला २५६०० लागेल, त्यामुळे झूम विसरा. कोणाकडून ८५ एमएम एफ १.८ मागून आणा, तिथे २५०० मध्ये काम होईल. कोर्टच्या कोपऱ्याजवळ बसा, कंटिन्युअस फोकस, अँटी-फ्लिकर चालू.

नेरूळकर८५
आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर राहू दे चालू.

कोपरीवाला
बंद.

घणसोली_लाइट
दिवा भाऊ, या दोघांचं चालू दे. फ्लॅश मात्र अजिबात मारू नका, खेळाडूच्या डोळ्यावर येतो आणि पंच तुम्हालाच बाहेर काढतील.