देणगीदारांच्या नावांची भिंत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या सामुदायिक क्रीडा-करमणूक केंद्राच्या प्रवेशदालनात देणगीदारांच्या नावांची भिंत करायची आहे आणि हे काम माझ्या गळ्यात पडलंय. सध्या साधारण १४० नावं आहेत, पण देणग्या अजून येताहेत. त्यामुळे एकच मोठा कोरीव फलक नको, सुट्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात असं वाटतं. नाव चुकलं तर तेवढीच पट्टी बदलता येईल (आणि नावं चुकतातच!).

अडलंय ते इथे: दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच हवं, असा ठोकताळा आहे. त्या मापाने १४० नावं भिंतीवर मावत नाहीत. लहान देणगीदारांची अक्षरं बारीक करावीत, तर ते मनाला पटत नाही. रकमेनुसार गट न करता सरळ अकारविल्हे नावं लावली, तर मोठे देणगीदार नाराज होतात का? कोणाचा अनुभव?

शिवाय समोरच काचेचं दार आहे. चकचकीत पितळेवर उजेड परावर्तित होईल, म्हणून मॅट स्टील की ॲक्रिलिक? पाच-सात वर्षांनी काय चांगलं टिकलं, तेही सांगा.