उलटा सिंह: पुतळा वेगळा नाही, छपाई तशी

एकाने विचारलंय, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या मरणासन्न सिंहाच्या पुतळ्याच्या मुद्राचित्रात (कोरलेल्या ठशावरून छापलेल्या चित्रात) सिंहाचं तोंड उलट्या बाजूला का? पुतळा एकच आहे, १८२१ चा, खडकात कोरलेला, सुमारे १० मीटर लांब. कोरणाऱ्याने चित्र ठशावर सरळच उतरवलं की छापताना ते फिरतं. चित्रात सिंहाच्या वरचा लॅटिन लेख सरळ वाचता येतो म्हणून फसू नका. अक्षरं मुद्दाम उलटी कोरली जात, सिंहाची मात्र ती काळजी प्रत्येक जण घेत नसे. ठसा कशाचा होता, तेही भिंगाखाली पाहून ओळखता येतं. कागदावर पत्र्याच्या दाबाची चौकट असेल तर ठसा तांब्याचा किंवा पोलादाचा. सिंहाच्या अंगातून सरळ, केसासारखी पांढरी रेघ गेली असेल तर ठसा जोडलेल्या लाकडी ठोकळ्यांचा, आणि त्यांचा सांधा उघडलाय. ती रेघ ओरखडा समजून शाईने भरू नका.