सासूबाई सात वर्षांनी अमेरिकेहून घरी येताहेत. स्वयंपाकघर पूर्वी होतं तसं करून ठेवावं का?

पंचवटीकर
सासू-सासरे डिसेंबरात न्यू जर्सीहून येताहेत, तीन महिन्यांसाठी. 2019 च्या ऑक्टोबरात जाऊबाईंच्या बाळंतपणाला म्हणून गेले, सहा महिन्यांत परत येणार होते. मार्च 2020 मध्ये विमानं बंद झाली. मग दिरांनी त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला. तो चालू असताना वेगळी परवानगी न काढता देश सोडला तर अर्जच बाद होतो, म्हणून थांबले. त्यानंतर बाबांची बायपास, आईंचा गुडघा. दोनदा तिकिटं काढून रद्द करावी लागली. आता तिसऱ्यांदा काढलीत आणि मला झोप लागत नाहीये.

घर त्यांचं आहे. बाबांनी 1988 साली बांधलं. नाशिकच्या 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात आईंनी याच ओट्यावर बावीस पाहुण्यांचं दोन्ही वेळचं रांधलंय. मी उंच, वाकून वाकून पाठ धरायची, म्हणून चार वर्षांपूर्वी 31 इंचांचा ओटा 35 इंचांचा करून घेतला. मोठा फ्रिज आला तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला देव्हारा हॉलमध्ये नेला. पाटा-वरवंटा गच्चीवर गेला. यातलं काहीही मी आईंना सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर मी कायम खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे फ्रिज दिसत नाही.

माझं मत असं की तीन महिन्यांसाठी तरी शक्य तेवढं सगळं जागच्या जागी न्यावं. बाई सात वर्षं परक्या ओट्यावर पोळ्या लाटतेय, तिला तिचं घर सापडायला हवं. नवरा म्हणतो, काहीही हलवू नकोस. तुम्ही काय केलं असतं?

सिडकोवासी
तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे. ताई, सात वर्षं त्या ओट्याशी तुम्ही उभ्या राहिलात. पाठ तुमची दुखत होती. त्यांच्या घरात तुम्ही भाडेकरू नाही आहात. फ्रिज हलवून देव्हारा परत आणायचा आणि मार्चमध्ये पुन्हा उलटं करायचं, हे कशासाठी? आपल्याकडे सुनेनं केलेला बदल हा नेहमी गुन्हाच का ठरतो? मुलानं गच्चीवर पत्रे टाकले असते तर त्यानं लपवले असते का?

मखमलाबादची
मी सिडकोवासींच्या विरुद्ध. माझे सासू-सासरे मेलबर्नहून पाच वर्षांनी आले होते. घर नव्यानं रंगवलेलं, मॉड्युलर किचन, सगळं चकाचक. आल्या दिवशी सकाळी सासूबाई चहा करायला उठल्या. मी आतल्या खोलीत जागी होते. एक ड्रॉवर उघडला, बंद केला. दुसरा, तिसरा. मग काहीच आवाज नाही. मी बाहेर आले तर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "तू उठायची वाट बघत होते गं." साखर सापडली नव्हती त्यांना. त्यांच्याच घरात. पुढे महिनाभर त्यांनी गॅसला हात लावला नाही, पाहुण्यासारख्या राहिल्या आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत, आता येणारही नाहीत. ताई, देव्हारा हलवा.

सिडकोवासी
वाचून वाईट वाटलं. पण साखर सापडली नाही कारण डबा कुठे आहे ते कुणी दाखवलं नाही. आदल्या रात्री पाच मिनिटं काढून दाखवलं असतं तर? त्यासाठी जुनं किचन परत आणावं लागत नाही.

ओझरकर
मी मुलगा म्हणून लिहितोय, माझेही आईवडील दुबईला भावाकडे असतात. भावनेचं तुम्ही बघा, मी दोन अडचणी सांगतो.

ओटा तर खाली येणार नाही. तेव्हा "शक्य तेवढं" करताना आईंसाठी ओट्यापुढे पाट किंवा चौरंग ठेवायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून करू नका. गुडघा दुखरा, पहिल्या आठवड्यात जेट लॅग, न्यू जर्सीची आणि आपली वेळ थंडीत साडेदहा तासांनी उलटी. पहाटे तीनला जाग येणार, अंधारात चहाला उठणार आणि त्या चार इंचांवरून पाय घसरणार. एक शेगडी डायनिंग टेबलावर मांडा, बसून करता येईल.

दुसरं, बाबांचं बायपास झालंय तर प्रवासाचा आरोग्य विमा काढलाय का ते दिरांना आजच विचारा. तिथलं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असलं तरी ते देशाबाहेरचा खर्च सहसा देत नाही. मुंबईहून आणताना समृद्धी महामार्गानं आणा. आमणे ते इगतपुरी हा टप्पा जून 2025 पासून सुरू आहे, कसारा घाटाची वळणं टळतात.

पंचवटीकर
ओझरकर, चौरंग मी खरंच काढून पुसून ठेवला होता. परत माळ्यावर टाकला. विम्याचं दिरांना कळवते.

सिडकोवासी, भाडेकरू नाही हे मलाही कळतं. पण मला घरात नवी सून म्हणून आणलं तेव्हा आईंनी त्यांच्या भांड्यांच्या फळीतली मधली फळी माझ्यासाठी रिकामी केली होती, न सांगता. माझ्या माहेरच्या डब्यांसाठी. ते मी विसरू शकत नाही.

देवळालीची आजी
इथे सगळ्या सुनाच बोलताहेत, म्हणून सासूच्या बाजूनं लिहिते. वय 71. वर्षातले पाच-सहा महिने टोरोंटोला लेकाकडे असते. सून गुणी आहे, तिच्याविषयी एक शब्द वावगा काढणार नाही. पण तिथे फोडणी घातली की छतावरचा धुराचा भोंगा ओरडतो. म्हणून मी हिंग-मोहरी बारीक आचेवर, जीव मुठीत धरून घालते. डब्यात हात घालण्याआधी विचारते. देवळालीला परत आले की चप्पल काढल्यावर पहिल्यांदा मिसळणाचा डबा उघडते आणि एक फोडणी चरचरीत घालते. भाजी असो-नसो. घर म्हणजे मला तेवढं.

तेव्हा मखमलाबादच्या मुलीचं खरं आहे. पण पंचवटीच्या सूनबाई, तुमचं एक मला पटलं नाही. देव हलवले, हे सांगायला चार वर्षं? ओटा वाढवला याचं मला काही वाटलं नसतं. माझ्यापासून लपवलं, याचं वाटलं असतं. सात वर्षांनी दारात पाय ठेवणाऱ्या बाईला सगळं जसंच्या तसं मांडून दाखवायचं, ही फसवणूकच झाली, प्रेमानं केलेली असली तरी. फोन करा. आज.

सिडकोवासी
आजी, हेच मला म्हणायचं होतं, मी जरा तिखट शब्दांत म्हटलं. सांगावं. पण हलवू नये, यावर मी ठाम आहे.

मखमलाबादची
आणि मी हलवावं यावर. नुसतं सांगून जागा मिळत नाही. तुमचा डबा कुठे ठेवलाय हे मला कळणं वेगळं आणि माझा हात अंधारात त्यावर जाणं वेगळं.

पंचवटीकर
काल रात्री फोन केला. तिथे सकाळ होती, आई एकट्याच होत्या. फोन हातात धरून उठले आणि सगळं स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. फ्रिज, ओटा, रिकामा कोपरा. रडत होते मी, ते त्यांना दिसलंच.

आई म्हणाल्या, "देव हलवलेत ते मला केव्हाच माहीत आहे. आधी तू पूजा करताना घंटा फोनमध्ये कानाशी वाजायची. आता लांबून येते."

इतकी वर्षं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी खिडकीकडे पाठ करून बसत होते.

देव्हारा आहे तिथेच राहू दे म्हणाल्या. हॉलमध्ये बाबांना खुर्चीत बसून जप करता येईल. ओट्याचं मात्र त्यांना रुचलं नाही आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मला विचारायचं होतंस." चूक माझी आहे, मी कबूल केली. बाबांना मार्चमध्ये शनी चौकातली रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाचा हौद, बघायची आहे म्हणून परतीचं तिकीट थोडं पुढे ढकलता येतं का ते बघतोय.

पाट्याचं विचारलं त्यांनी. गच्चीवरून दोघांनी धरून तो खाली आणलाय. वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय, चटणी वाटली जाणार नाही. पंचवटीत किंवा नाशिकरोडला पाट्याला छिन्नीनं टाकी लावून देणारं कुणी अजून फिरतं का? माहीत असेल तर कळवा, 12 डिसेंबरच्या आत हवंय.