मदत हवी आहे: अर्जात 'दप्तरदिरंगाई' लिहावं का?

मंडळी, बाबा गेल्यावर देवगडजवळच्या आमच्या कलमांच्या बागेची वारसनोंद आठ महिने रखडली आहे. आईच्या नावाने स्मरणपत्र लिहितोय, पण शब्दावर अडलोय. 'लालफीत' म्हणजे मूळ फायलींना बांधायची तांबडी फीत. बातमीत शोभते, अर्जात टोमणा वाटतो. 'दप्तरदिरंगाई' मात्र राज्याच्या २००५ च्या कायद्याला लोकांनी दिलेलं नावच आहे. फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं तो कायदा सांगतो. आई म्हणते, "असलो शब्द लिवलंस तर सायब रागावतलो." मग नुसतं 'विलंब' पुरेल? कुणी असा अर्ज दिला असेल तर नेमकं वाक्य सांगा.