अनुभव धागा: १ जानेवारीची पक्षीयादी

वर्षभरात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी १ जानेवारीला कोरी होते. कावळा, चिमणी, पारवा, सगळे पुन्हा पहिल्यापासून. या दिवसाची आखणी, दुर्बीण, मोजणी, नोंदी यांबद्दल ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. 'लवकर उठा, पाणी न्या' एवढंच नको.

*

जागा दोनच ठेवा. चार ठेवल्या की चांगला उजेड प्रवासात जातो. सूर्योदयाआधी झाडीत पोचा, पहिले दोन तास तिथेच. मग पाणथळ. तिथे सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे ऊन पाठीशी येतं. पश्चिमेच्या काठावरून बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, रंग नाहीच. गरुड-घारींसाठी पहाटेची घाई नको. जमीन तापून गरम हवा वर चढू लागली की ते घिरट्या घालतात.

समुद्रकिनारा असेल तर घड्याळाआधी भरतीचं कोष्टक पाहा. ओहोटीला चिखलपक्षी दूरवर पांगतात. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचलात तर पाणीच त्यांना तुमच्याकडे रेटत आणतं.

*

८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी) दुर्बीण पुरते. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिमी, एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ होतो आणि हाताची थरथरही जास्त दिसते, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात ८ बरी.

बहुतेकांची दुर्बीण डोळ्यांना जुळवलेलीच नसते. स्थिर पाटी किंवा फांदी निवडा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, पिशवीत घासून ती सरकते. चष्मेवाल्यांनी रबरी कडा आत फिरवायच्या, नाहीतर चित्र नळीतून पाहिल्यासारखं आक्रसतं.

आणि पक्षी दिसला की नजर हलवू नका, दुर्बीण नजरेसमोर आणा. खाली पाहून दुर्बीण शोधली की फांदी हरवलीच.

*

ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आणि ॲप) नोंद करणाऱ्यांसाठी: दिवसभराची एकच यादी करू नका. प्रत्येक जागेची वेगळी, शक्यतो तीन तासांच्या आत, चालत असाल तर ८ किमीच्या आत. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरायचं. ॲप दोन्ही बाजू मोजतं, ते हाताने दुरुस्त करा.

'ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का?' याला 'हो' म्हणायचं तर पारवेसुद्धा हवेत. फक्त 'चांगले' पक्षी टाकून 'हो' दाबलं की बाकीचे तिथे नव्हतेच असा अर्थ होतो. माझ्या मते दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोपेक्षा अशी पूर्ण यादी मोलाची. संख्येच्या जागी फुली मारणं (म्हणजे 'होते, पण मोजले नाहीत') हा शेवटचा उपाय.

*

संख्येवरून: थवा डोळ्यांनी 'हजारभर' वाटतो, तो अंदाज बहुधा कमी पडतो. आधी दहा पक्षी खरोखर मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा, असे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराचा तुकडा थव्यावर पुढे सरकवत न्या. मधला भाग दाट आणि कडा विरळ असते, म्हणून नमुन्याचा तुकडा दोन्हीकडून घ्या. उडता थवा एका ठरावीक झाडाला ओलांडताना मोजा. बसलेल्या बदकांमध्ये बुड्या मारणारी असतील तर दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा ठेवा. त्या क्षणी काही पाण्याखाली असतातच.

*

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन ॲप नाव सुचवतं, ठरवत नाही. कोतवालासारखे नकल्ये त्याला फसवतात, वाऱ्याचा आवाज आणि गप्पाही. नाव आलं की आवाजाच्या दिशेने पाहा, पक्षी दिसला किंवा आवाज स्वतःला ओळखता आला तरच यादीत.

*

अंतर: चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा, तिथून दोन पावलं मागे. हिवाळ्यात प्रत्येक उड्डाण म्हणजे चरायचा वेळ आणि साठवलेली चरबी दोन्ही गेली. बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवू नका. घुबडाची ढोली सापडली तर तिचं नेमकं ठिकाण गटात टाकू नका, नोंदीत परिसराचं नाव पुरतं.