बँडसॉ चाकांवर घ्यायचाय, तीन चाकं की चार?

गुण्या:
नमस्कार मंडळी. माझं वर्कशॉप म्हणजे गाडी ठेवायची जागा. रात्री गाडी आत येते, म्हणून संध्याकाळ झाली की सगळी मशीन भिंतीला लावावी लागतात. थिकनेस प्लॅनर ३५ किलोचा, तो दोघं मिळून उचलतो. टेबल सॉच्या स्टँडला मुळातच चाकं आहेत. अडलंय ते १४ इंची बँडसॉपाशी, म्हणजे वर-खाली दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या उभ्या करवतीपाशी. वजन १०५ किलो, उंची साधारण १७० सेंटिमीटर आणि खालचा पत्र्याचा डबा जेमतेम ४४ बाय ६० सेंटिमीटर.

आजवर मी तो एका कोपऱ्यावर कलता करून, एकेक कोपरा पुढे टाकत न्यायचो. परवा कोब्यातल्या खळग्यात कोपरा अडकला आणि अख्खं मशीन खांद्यावर आलं. बाजूला भिंत होती म्हणून सावरलं. तेव्हापासून तो मधेच उभा आहे आणि गाडी बाहेर.

जमीन सपाट नाही. पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतार आहे, शिवाय दीड मीटरची पट्टी ठेवली तर मधे ६ मिलिमीटरची फट दिसते. चार चाकं इथे डुगडुगणार, म्हणून तीन चाकांचं तयार स्टँड घ्यायचा विचार आहे: मागे दोन सरळ चाकं, पुढे मधोमध एक फिरतं, आणि पायाने दाबायची दांडी. घेऊ का? की अँगलची चौकट वेल्ड करून घेऊ? चाकं कसली आणि केवढी लावायची? नुसत्या लॉकवर भागतं का?

जुनी पटाशी:
घाई करू नका, गाडी आणखी चार दिवस बाहेर राहिली तरी चालेल. माझा बँडसॉ पडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकट मीच केलेली होती. डब्याच्या मापाची, आणि खाली दोन इंची नायलॉनची चाकं. वर्षभर छान चाललं. एके दिवशी मशीन बाजूला ढकलत असताना चाकाखाली लाकडाची ढलपी आली. करंगळीच्या नखाएवढी असेल. चाक जागच्या जागी थांबलं, वरचा भाग मात्र चालतच राहिला. सोबतच्या मुलाने टेबल धरायला हात पुढे केला, मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "सोड!" त्याने सोडलं. मशीन टेबलाच्या कडेवर आपटलं आणि टेबलाखालचा बिडाचा अर्धगोल सांधा दोन तुकडे झाला. बीड वाकत नाही, तुटतंच. पण त्या मुलाची दहाही बोटं शाबूत आहेत. हे आधीच मनाशी पक्कं करा: मशीन पडू लागलं तर हात काढून मागे व्हायचं. १०५ किलो कोणी झेलू शकत नाही.

आता तीन चाकांचं बघू. तिपाई कुठेही ठेवा, तिन्ही पाय टेकतात, हे खरंच. पण कागदावर स्टँडचा नकाशा वरून काढा. मागची दोन चाकं ६४ सेंटिमीटर अंतरावर, पुढचं एक ६० सेंटिमीटरवर मधोमध. तिन्ही बिंदू जोडले की त्रिकोण होतो. मशीनचा गुरुत्वमध्य ह्या त्रिकोणाच्या कडेपलीकडे गेला की ते उलटणार. तो लांबीच्या मध्यावर असेल तर तिरप्या कडेपासून जेमतेम १४ सेंटिमीटर आत असतो. गुरुत्वमध्याची उंची ९० सेंटिमीटर धरली, तर ९ अंश कलताच मशीन गेलं. आज नुसत्या डब्यावर उभं आहे तेव्हा ते १४ अंशांपर्यंत तग धरतं. म्हणजे स्टँड घेऊन तुम्ही मशीन आहे त्याहून अस्थिर कराल! त्याच ६४ सेंटिमीटरवर चारी कोपऱ्यांना टेकू असतील तर १९ अंशांच्या वर जाता येतं.

तरीही तीन चाकंच लावा असं मी सांगेन, फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांना उंची जुळवता येणारे पाय हवेतच. दांडी दाबली की मधलं चाक मशीनला पुढून उचलतं आणि हे पाय जमिनीपासून ५-६ मिलिमीटर सुटतात. त्याहून जास्त नको. मशीन कुशीवर झुकायला लागलं की त्या बाजूचा पाय लगेच टेकतो आणि त्रिकोणाचा पुन्हा चौकोन होतो. दांडी सोडली की वजन पुढच्या दोन पायांवर आणि मागच्या दोन चाकांवर. डुगडुगलं तर एका पायाचा बोल्ट अर्धा आटा फिरवायचा, बस्स. तयार स्टँड बघायला जाल तेव्हा आधी हे पाय कोपऱ्यात आहेत की आत घेतलेत ते बघा. आत घेतलेले असतील तर घेऊ नका.

लोखंडकाम:
पटाशीकाकांनी मुद्दा बरोबर पकडलाय. मी चौकटीपुरतं लिहिते, माझं काम तेच.

४० बाय ४० बाय ५ चा अँगल पुरतो, मीटरला तीन किलो भरतो. आतलं माप डब्यापेक्षा ४-५ मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर वेल्डचा मणी आड येतो आणि डबा बसत नाही. आधी चारी कोपऱ्यांना फक्त टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले तरच पूर्ण वेल्ड. तेही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, कारण एका बाजूने सलग ओढलं की तापून चौकट मुरडते. मुरडलेल्या चौकटीवर पाय कितीही जुळवा, मशीन नीट बसत नाही.

चाकं चौकटीच्या खाली लावू नका, बाहेर काढलेल्या कानांवर लावा. खाली लावलीत तर १०० मिलिमीटरच्या चाकाने मशीन तेवढंच किंवा जास्तच वर जातं, टेबलही वर आणि गुरुत्वमध्यही वर. बाहेर लावलीत तर चौकट जमिनीपासून १२-१५ मिलिमीटरवर बसते आणि रुंदी आपोआप वाढते.

भाराचं गणित: मशीन, चौकट, चाकं मिळून १२० धरा. त्याला तीनने भागायचं, चार चाकं असली तरी तीननेच, कारण खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी असतं. ४० आले. खळग्यात आदळतं तेव्हा धक्का बसतो, म्हणून दुप्पट, ८० किलोच्या वरचं चाक घ्या. पॉलियुरेथेनचं, १०० मिलिमीटर व्यासाचं. नायलॉन कडक असतं, बारीक खड्यालाही अडतं. रबर मऊ चालतं, पण एका जागी महिनोन्महिने भाराखाली राहिलं की खालून चपटं होतं.

रंधा:
माझी चारही चाकं फिरती आहेत, दुहेरी लॉकची, आणि सरफेस प्लॅनरला अडचण येत नाही. माझी फरशी सपाट आहे हेही सांगतो. लॉकबद्दल एक: साधं लॉक फक्त चाक थांबवतं, वरचा फिरता भाग मोकळाच राहतो. जाड ठोकळा ढकलला की मशीन दोन बोटं झुलतं. दुहेरी लॉकने दोन्ही थांबतं. पण बँडसॉवर सहा-सात इंच उंचीचा ठोकळा चिरायचा असेल तर मीही पायांवरच टेकवेन.

गुण्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. तयार स्टँड बघून आलो. पाय दोन्ही बाजूंनी दहा दहा सेंटिमीटर आत होते. परत आलो आणि चौकट करायला दिली, मागची चाकं ६४ सेंटिमीटरवर, पुढचे पाय चौकटीच्या कानांवर तेवढ्याच अंतरावर. आता १०५ किलोचं धूड त्यात चढवायचं कसं? टेबलाला धरून उचलावं का?

जुनी पटाशी:
टेबलाला हात लावू नका! टेबल त्याच बिडाच्या सांध्यावर उभं असतं. उलट ते उतरवूनच ठेवा, पातंही काढा, प्लग तर आधी. दोघं जण हवेत. एकाने खांब धरून उभं राहायचं, दुसऱ्याने डब्याखाली पहार घालून एक बाजू २० मिलिमीटर उचलायची आणि प्लायचा तुकडा सारायचा. मग दुसरी बाजू. एका वेळी एकच तुकडा. चौकटीच्या कडेएवढी उंची झाली की १८ मिलिमीटरच्या प्लायवरून सरकवत आत घ्या.

नंतर ढकलताना पातं फिरवणाऱ्या वरच्या चाकाच्या झाकणाला रेटा देऊ नका, कमरेच्या खाली खांबाला धरा. सरळ चाकं ज्या दिशेने चालतात त्याच दिशेने न्यायचं, आडवं ओढायचं नाही. आणि प्रत्येक वेळी वाट आधी झाडून घ्या. प्रत्येक वेळी.

गुण्या:
काल झालं. चढवायला पाऊण तास लागला. पुढचा डावा पाय दीड आटा खाली घ्यावा लागला, मग टेबलावर पाण्याने भरलेला पेला ठेवून मशीन चालू केलं. पाण्यावर बारीक थरथर दिसते, पेला जागचा हलत नाही. खळग्यावरून नेताना उजवा पाय एकदा टक्कन टेकला आणि मशीन तिथेच थांबलं. अंगावर काटा आला. झाडू आता बँडसॉच्या खांबालाच अडकवून ठेवलाय.