थांबलेल्या स्कूल बसपाशी बाकीच्या वाहनांनी थांबायचं की नाही?

कात्रजकर (धागालेखक)

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर दुपारी शाळेच्या बस येतात. बस थांबते, दार उघडतं, मावशी आधी खाली उतरून पोरांची दप्तरं घेतात. नेमक्या त्याच वेळी बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या तीन फुटांतून एखादी दुचाकी सुळकन निघून जाते. दार डावीकडे, पोरं उतरतात डावीकडे आणि हा घुसतोही डावीकडूनच. पहिलीतलं पोर उतरताना पायरीकडे बघत असतं, मागून कोण येतंय हे त्याला दिसणारच नाही.

माझं मत असं की मुलं चढत-उतरत असतील तर मागच्या वाहनांनी थांबलंच पाहिजे आणि रस्त्याला दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. अमेरिकेत सगळ्या राज्यांत हा कायदा आहे. बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले, बाजूची 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली की वाहतूक उभी राहते.

आपल्याकडे २०११ पासून महाराष्ट्राची स्कूल बस नियमावली आहे. बस कशी असावी, वेगनियंत्रक हवा, मुलींसाठी महिला सहायक हवी, हे सगळं त्यात आहे. पण त्या बसच्या आसपास आपण कशी गाडी चालवायची, हे कुणी शिकवतच नाही. लायसन्सच्या परीक्षेत मला तरी कुणी विचारलं नव्हतं.

रोजचा_बायकर

मला हे पटत नाही. मी रोज पुण्यात सातारा रस्त्याने जातो. बस कुठे थांबते ते आधी बघा. चौकाच्या तोंडाशी, वळणावर, नाहीतर कडेला जागा असूनही मधल्या लेनमध्ये. इंडिकेटर दिला तर दिला. एका बसचे शंभर-दीडशे मीटरमध्ये तीन-तीन थांबे, कारण प्रत्येक सोसायटीला ती आपल्याच गेटसमोर हवी असते. तिथे मी कचकन ब्रेक मारला तर मागची पीएमपीची सिटी बस माझ्या अंगावर येईल.

आणि मुळात मुलाला रस्ता ओलांडायची वेळच का यावी? घराच्या बाजूला थांबा द्या. तुम्ही म्हणता त्याच नियमावलीत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक. थांबे ठरवणं हे त्या समितीचं काम आहे. ते नीट झालं तर निम्मा प्रश्न सुटेल. सगळा भार रस्त्यावरच्या माणसावर टाकू नका.

एडिसनची_आई

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे थांबलेल्या बसपासून निदान २५ फुटांवर थांबावं लागतं. दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी ताशी १० मैलांनी जायचं. लोक बऱ्यापैकी पाळतात, पण सगळे नाही. बसचालकांनी एका दिवशी केलेल्या नोंदींवरून काढलेला २०२२-२३ या शालेय वर्षाचा देशभरातला अंदाज चार कोटींच्या वर आहे. इतक्या वेळा थांबलेली बस ओलांडली गेली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या रोचेस्टरजवळ तीन भावंडं बस पकडायला रस्ता ओलांडत होती. अंधार होता, बसचे दिवे चालू होते, पाटी बाहेर होती, तरी पिकअप ट्रक आला. तिघंही गेली. ती बातमी वाचल्यावर कित्येक दिवस मी मुलीचा हात धरून थांब्यावर उभी राहायचे. पुढच्या वर्षी त्या राज्याने शिक्षा वाढवली आणि मोठ्या महामार्गांवर मुलांना शक्यतो रस्ता ओलांडावा लागणार नाही असे थांबे ठेवायला लावले. म्हणजे बायकर यांचा थांब्यांचा मुद्दा खरा आहे, पण तो कायद्याच्या बदल्यात नको, कायद्याबरोबर हवा.

आणखी एक. इथल्या बऱ्याच बसना पुढच्या बंपरला एक लांब दांडा असतो. बस थांबली की तो पुढे उघडतो. मुलांना त्याला वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे ती चालकाला दिसतात. चालकाने हाताने खूण केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे मुलीला अगदी बालवाडीपासून शिकवलंय.

श्टुटगार्टहून

जर्मनीत पूर्ण थांबायची सक्ती नाही. ठरलेल्या थांब्यांवर बस चारही इंडिकेटर लावून येत असेल तर तिला ओव्हरटेक करायचं नाही. ती थांबली की पुढे जाता येतं, पण माणूस चालतो त्या वेगाने. समोरून येणाऱ्यांनाही तोच वेग. गरज पडली तर थांबायचं. पुण्याच्या गर्दीत हे जास्त जमण्यासारखं वाटतं, कारण रस्ता तुंबत नाही आणि पोर आडवं आलं तर ब्रेक लागतो.

व्हॅनवाले_काका

मी शाळेची व्हॅन चालवतो, आधी बसवर होतो. मी गाडी फुटपाथला अगदी खेटून लावतो, मध्ये दुचाकी शिरायला फटच ठेवत नाही. पण गेटसमोर मोटारी लावलेल्या असल्या की नाइलाजाने मध्ये उभं राहावं लागतं. तेव्हा आरशात बघून, डावीकडून कुणी येत नाही याची खात्री झाल्यावरच दार उघडायचं.

सगळ्यात जास्त त्रास हॉर्नचा होतो. मागून चार जण हॉर्न वाजवायला लागले की पोरं बावरतात आणि धावत सुटतात. पालकसुद्धा "चल लवकर, पळ" म्हणून ओढतात. बसच्या काचेखाली पुढे काही फुटांची जागा चालकाला दिसतच नाही. पोराच्या हातातली बाटली तिथे पडली, ते वाकलं, तर आम्हाला कळत नाही. म्हणून उतरलेली पोरं मोजल्याशिवाय मी क्लच सोडत नाही. तुम्ही थांबू नका हवं तर, पण हॉर्न वाजवू नका.

रोजचा_बायकर

काकांचं सगळं मान्य. डावीकडून घुसण्याची बाजू मी घेतलेलीच नाही, तसं करणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. चालण्याच्या वेगालाही माझी हरकत नाही. पण समोरून येणाऱ्याला पूर्ण थांबवणं मला मान्य नाही. पाच थांबतील, सहावा नाही थांबणार, आणि पाच थांबलेत म्हणून पोर निर्धास्त पुढे जाईल.

कात्रजकर

तो सहावा आजही आहेच, आणि आज त्याच्या पुढे कुणीच थांबलेलं नसतं. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ब्रेकवर पाय जायलाच एक सेकंद जातो. आतल्या रस्त्यांवर आजोबा पलीकडे उभे असतात, नातवाला ते दिसले की तो सरळ धावतो. तिथे समोरच्याने थांबायलाच हवं, हे मी सोडणार नाही.

पण समितीचा मुद्दा मी घेतोय. आमच्या शाळेत पुढच्या पालकसभेत लेखी मागणी देणार आहे. थांबे मुलांच्या घराच्या बाजूला असावेत, गेटसमोर दुपारी पार्किंग नको, आणि मावशींनी मुलाला पलीकडे पोहोचवल्याशिवाय बस हलू नये. बायकर, तुमच्या रस्त्यावरचे चुकीचे थांबे लिहून द्या, तेही जोडतो.

रोजचा_बायकर

लगेच आठवतात ते तीन: पेट्रोल पंपाच्या तोंडाशी, उड्डाणपूल उतरल्या उतरल्या, आणि भाजी मंडईच्या कोपऱ्यावर. पुलाच्या उताराचा सगळ्यात वाईट, उतारावरून येणाऱ्याला बस दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. फोटो उद्या काढून टाकतो. खाली माझंही नाव घाला, फक्त समोरून थांबण्याची मागणी त्यात असेल तर नको.